थांबण्याचे बळ येते कुठून?

गेल्या अंकात एका विद्यार्थ्याला उत्तर देताना ‘आजचा मोह आवरला तर उद्याचे मोठे काम हाती लागते’ असे एक वाक्य मी लिहिले होते. त्या एका वाक्यावर बडोद्यातील वाचकांची इतकी पत्रे आली आहेत की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे मला योग्य वाटले. पत्रांचा सूर एकसारखा नाही. काहींना ते वाक्य पटले आहे, परंतु ते घरात उतरवायचे कसे, हे त्यांना कळत नाही. काहींनी स्पष्ट विरोध केला आहे, आणि तो विरोध मला महत्त्वाचा वाटतो. पत्रे मुद्द्यापुरती संक्षिप्त केली असून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला कशाचाच धीर धरवत नाही. आजीने दिलेले पैसे संध्याकाळपर्यंत संपतात. उत्तरायणासाठी आणलेले पतंग त्याने आठवडाभर आधीच गच्चीवर नेऊन फाडले आणि ऐन चौदा जानेवारीला रडत बसला. परीक्षेत चांगले गुण मिळाले तर सायकल घेऊ, असे सांगितले, तर म्हणतो, “मागच्या वेळीही तू असेच म्हणाली होतीस.” एका व्हिडिओत मार्शमॅलो या मऊ गोड खाऊचा, मुलांच्या धीराची परीक्षा घेणारा प्रयोग पाहिला आणि वाटीत पेढा ठेवून तो मी त्याच्यावर करून पाहिला. तो दोन मिनिटेही थांबला नाही. या मुलाचे पुढे कसे होणार, या विचाराने मी बेचैन आहे.
(एक आई, कारेलीबाग)

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मुलानेच देऊन ठेवले आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे. आधी त्या प्रयोगाविषयी बोलू, कारण व्हिडिओंमध्ये तो नेहमी अर्धाच सांगितला जातो आणि त्या अर्ध्या गोष्टीने कित्येक आईवडिलांची झोप उडवली आहे.

वॉल्टर मिशेल हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत असत. विद्यापीठाच्या बिंग बालशाळेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून हे प्रयोग केले. लहान मुलाला एका खोलीत बसवून त्याच्या आवडीचा खाऊ दाखवला जाई आणि सांगितले जाई की, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त चांगला खाऊ मिळेल, आणि थांबवत नसेल तर मला बोलाव, मी लगेच येईन, पण मग साधाच खाऊ मिळेल. पुढे 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहानपणी अधिक वेळ थांबलेल्या काही मुलांना महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत अधिक गुण मिळाल्याचे आढळले, आणि तेथून ‘जो थांबला तो जिंकला’ ही समजूत जगभर पसरली. पण ती मुले बहुतांशी विद्यापीठाच्या परिसरातल्या सुशिक्षित घरांतली होती. 2018 मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा थांबणे आणि पुढील शालेय यश यांतला संबंध पूर्वीच्या मानाने निम्माच भरला. घरची परिस्थिती आणि मुलाची मुळातली समज हिशेबात धरल्यावर तर त्यातलाही दोन तृतीयांश भाग गळून पडला. तेव्हा वाटीतला पेढा दोन मिनिटांत संपला, यावरून मुलाचे भविष्य वाचू नका. तो आठ वर्षांचा आहे आणि पेढा समोर होता, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मिशेल यांच्या कामातला खरा मोलाचा भाग वेगळाच आहे. कोणते मूल थांबते यापेक्षा, थांबणारे मूल नेमके काय करते, याकडे त्यांचे लक्ष होते. त्यांच्या 1970 सालच्या प्रयोगात दोन्ही खाऊ डोळ्यांसमोर असताना मुले सरासरी जेमतेम मिनिटभर थांबली, आणि खाऊ नजरेआड ठेवल्यावर तशाच वयाची मुले अकरा मिनिटांहून अधिक थांबली. ज्यांना थांबणे जमले ती मुले खाऊकडे टक लावून मनाशी झगडत बसली नव्हती. ती गाणी म्हणत होती, हातापायांशी खेळत होती, दुसरीकडे बघत होती. थांबणे हे बहुतांशी मांडणीचे काम आहे आणि मांडणी शिकवता येते. उत्तरायणाच्या पतंगांचेच घ्या. आठ वर्षांच्या मुलाच्या पलंगाखाली पतंगांचा गठ्ठा ठेवून त्याने तो आठवडाभर पाहू नये, अशी अपेक्षा करणे हा त्या मुलावर अन्याय आहे. पुढच्या वर्षी चार पतंग त्याला लगेच उडवायला द्या आणि बाकीचे आजीच्या कपाटात ठेवा. तेरा तारखेच्या रात्री बडोद्यात घरोघरी पतंगांना दोऱ्याचे किन्ने बांधायला बसतात, तेव्हा त्याला शेजारी बसवून दोरा मोजायला, कामटीच्या दोन्ही बाजूंना भोके पाडायला, गाठ आवळून पतंग तोलून पाहायला शिकवा. हाताला काम असले की वाट पाहणे सुसह्य होते, आणि सकाळी आपण बांधलेला पतंग चढला, याचा आनंद दुकानातून आयत्या आणलेल्या पतंगापेक्षा त्याला नक्कीच मोठा वाटेल.

आता त्याच्या वाक्याकडे वळू. 2013 साली न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड, हॉली पामेरी आणि रिचर्ड ॲस्लिन यांनी हाच प्रयोग एक पायरी वाढवून केला. अठ्ठावीस मुलांचे त्यांनी दोन गट केले आणि खाऊ दाखवण्याआधी मुलांना चित्र काढायला बसवले. सांगितले की, थोडे थांबलात तर आणखी चांगले खडू आणून देते. एका गटाला ते खडू खरोखर मिळाले. दुसऱ्या गटाकडे बाई रिकाम्या हातांनी परत आल्या आणि म्हणाल्या, माफ करा, खडू शिल्लकच नव्हते. चित्रावर लावायच्या चिकटचित्रांच्या बाबतीतही तेच केले गेले. त्यानंतर खाऊची परीक्षा झाली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, त्या चौदांपैकी नऊ मुले पूर्ण पंधरा मिनिटे थांबली. ज्यांची दोनदा निराशा झाली होती, त्या चौदांपैकी एकच मूल शेवटपर्यंत थांबले. पहिला गट सरासरी बारा मिनिटे थांबला आणि दुसरा तीन. मुलांचा स्वभाव त्या अर्ध्या तासात बदललेला नव्हता. समोरच्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवावा की नाही, एवढेच त्यांना कळले होते, आणि ते त्यांना बरोबर कळले होते.

ताई, “मागच्या वेळीही तू असेच म्हणाली होतीस” हे उद्धटपणाचे बोलणे नाही. तो हिशेब करतो आहे. मागच्या वेळी सायकलचे पैसे कशात गेले, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. घरातली अडचण खरीच असेल. परंतु मुलाच्या खात्यावर त्याची नोंद ‘थांबलो आणि मिळाले नाही’ अशीच झाली आहे. म्हणून पुढचे काही महिने त्याला धीराचे धडे न देता तुम्ही स्वतः लहान लहान शब्द द्या आणि ते कटाक्षाने पाळा. रविवारी कमाटीबागेत नेईन म्हटले तर रविवारीच न्या. जे देणे तुमच्या हातात नाही, त्याचे नावही काढू नका. शब्द पाळणे अशक्यच झाले तर दिवस उलटण्याआधी त्याला कारण सांगा आणि नवी तारीख द्या. सायकल मात्र गुणांशी बांधू नका. गुण त्याच्या पूर्णपणे हातात नसतात. त्याच्या हातात असलेल्या गोष्टीशी ती बांधा, आणि त्या कामाचा एक एक टप्पा झाला की डब्यात ठरलेली रक्कम त्याच्यासमोर टाका, म्हणजे सायकल जवळ येते आहे, हे त्याला दिसत राहील.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा अभियंता असून मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नोकरी करतो. हातात बेचाळीस हजार रुपये येतात. बाबांचा आग्रह आहे की महिन्याला पाच हजार पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत) टाकावेत. पंधरा वर्षे पैसे अडकवून ठेवायचे म्हणजे मी एकेचाळीस वर्षांचा होईन, तेव्हा त्या पैशांचे मी काय करू? मित्र थायलंडला जातात, हप्त्यावर नवे फोन घेतात. माझ्या कार्डावरही काही रक्कम थकली आहे. उद्याचे कोणी पाहिले आहे?
(एक तरुण, मांजलपूर)

उत्तर : थकलेल्या रकमेपासून सुरुवात करू, कारण ती पीपीएफच्याही आधी येते. क्रेडिट कार्डाची थकबाकी ओढत राहिलात तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज पडते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. ‘किमान देय रक्कम’ भरून दंड टळतो, पण व्याज टळत नाही. कोणत्याही सुरक्षित बचतीवर याच्या पाव पटही व्याज मिळत नाही. म्हणून पहिले काही महिने बाबांचे पाच हजार आणि तुमच्या खिशातले आणखी दोन-तीन हजार फक्त कार्ड फेडण्यात जाऊ द्या. हे बाबांना स्पष्ट सांगा. ते नाराज होणार नाहीत.

मग पीपीएफ. 1968 साली सुरू झालेल्या या योजनेचा व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवते, आणि एप्रिल 2020 मध्ये तो 7.1 टक्के झाला. तोच दर कायम राहील, असे केवळ हिशेबासाठी धरू. तुम्ही दरवर्षी पाच एप्रिलच्या आत 60,000 रुपये भरलेत (पाच तारखेची मर्यादा अशासाठी की, व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजतात), तर पाच वर्षांनी 3 लाख भरून खात्यावर सुमारे 3 लाख 70 हजार दिसतील. पाच वर्षांच्या संयमाचे फळ सत्तर हजार. याच टप्प्यावर बहुतेक तरुण कंटाळतात, आणि त्यांचा कंटाळा मला समजतो, कारण तेवढ्या काळात मित्राने तीन देश पाहिलेले असतात. पंधरा वर्षांनी 9 लाख भरून सुमारे 16 लाख 27 हजार होतात. खाते पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. तसे वाढवत भरणा चालू ठेवलात तर पंचवीस वर्षांनी, म्हणजे तुमच्या वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, 15 लाख भरून सुमारे 41 लाख 23 हजार जमतात. त्यातल्या शेवटच्या पाच वर्षांचे एकट्याचे व्याज साडेअकरा लाखांहून अधिक आहे. पहिल्या पाच वर्षांत आणि शेवटच्या पाच वर्षांत तुम्ही भरलेली रक्कम अगदी सारखीच, तीन-तीन लाख. फरक सगळा आधीच्या वर्षांनी साठवून ठेवलेला आहे.

महागाई यातला मोठा वाटा खाईल, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. म्हणून पंचवीस वर्षांची सगळी बचत एकाच ठिकाणी ठेवू नका. पगार वाढेल तसा काही भाग जोखमीच्या पण अधिक वाढीच्या जागी, समजून-उमजून गुंतवा. पण वाढीचा हा आकार, म्हणजे आरंभी सपाट वाटणारी आणि उत्तरार्धात चढत जाणारी रेषा, पैशांपुरताच नाही, आणि माझ्या मते तुमच्या वयात पैशांपेक्षा तो कौशल्याच्या बाबतीत जास्त मोलाचा आहे. मकरपुऱ्यातल्या कारखान्यात संगणकाच्या आज्ञेवर चालणारे सीएनसी मशीन चालवणारा आणि त्या मशीनचा प्रोग्रॅम लिहिणारा हे शेजारी-शेजारीच उभे असतात, पण दहा वर्षांनी त्यांच्या पगारांत आणि त्यांना मिळणाऱ्या मानात किती अंतर पडते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले असेल. ते अंतर रोज संध्याकाळच्या दीड-दोन तासांत पडत जाते, आणि पहिले वर्षभर त्या तासांचे काहीही दिसत नाही. पाच हजार रुपये बाजूला काढणे जमले नाही तरी एक वेळ चालेल. ती संध्याकाळ मात्र सोडू नका.

राहिला निश्चयाचा प्रश्न. दर महिन्याच्या सात तारखेला मनाशी झुंज देऊन पैसे बाजूला काढायचे ठरवलेत तर तुम्ही हराल, मीही हरेन. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका कंपनीतील कामगारांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला होता : आत्ता काहीही कापणार नाही, मात्र पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही भाग आपोआप बचतीत जाऊ द्या. ज्यांनी तो मान्य केला त्यांची बचत चाळीस महिन्यांत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांपर्यंत पोहोचली. 2004 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. थेलर यांना 2017 साली नोबेल मिळाले. यात कोणालाही आजच्या घासातला घास काढावा लागला नव्हता. तुम्हीही आज तीन हजारांची स्थायी सूचना बँकेत देऊन ठेवा, पगाराच्या दुसऱ्याच दिवसाची, आणि प्रत्येक वाढीतला निम्मा भाग त्यात जाईल, असे आत्ताच लिहून ठेवा. उरलेल्या पैशांतून मित्रांबरोबर फिरायला जा, नवरात्रात गरब्याचा पास काढा, आणि ते करताना मनाला बोचणी लावून घेऊ नका. बचत आधी निघून गेलेली असेल तर उरलेला पैसा खर्चण्यासाठीच असतो.

आपल्या शहराचाच एक दाखला आठवतो. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण एकदम साऱ्या संस्थानावर लादले नाही. 1893 मध्ये अमरेली भागात आधी ते सुरू केले आणि साऱ्या संस्थानासाठी कायदा आला तो 1906 मध्ये. मधली तेरा वर्षे शाळा बांधण्यात, शिक्षक तयार करण्यात, खर्चाचा अंदाज बांधण्यात गेली. मोठ्या गोष्टीची सुरुवात लहान करण्यात कमीपणा नसतो.

प्रश्न : तुमचे वाक्य वाचून मला राग आला. मी कंत्राटी कामगार आहे. अकरा महिने झाले की कंत्राट संपते, पुन्हा लागेल की नाही, ते मुकादमाच्या मर्जीवर. बायको घरी शिवणकाम करते. पंधरा वर्षांचा विचार ज्यांचा पुढचा महिना पक्का आहे त्यांनी करावा. आम्हाला धीर शिकवू नका.
(एक कामगार, वाघोडिया रोड)

उत्तर : तुमचा राग मी मान्य करतो, आणि तो तुमच्यापुरताच आहे असेही मी समजत नाही. वर रोचेस्टरच्या प्रयोगाबद्दल लिहिले आहे, तेच तुमच्या बाबतीत लागू पडते. ज्याला दिलेला शब्द पुन्हा पुन्हा मोडला जातो, त्याने हातातले आज घ्यावे यात अविचार नाही. त्याचा अनुभव त्याला तेच शिकवतो.

दुसरीही एक गोष्ट सिद्ध झालेली आहे. 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास आला. त्याच शेतकऱ्यांची आकलनाची चाचणी एकदा तोडणीआधी, म्हणजे हात तंग असताना, आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर घेतली गेली. माणूस तोच, डोके तेच. परंतु तंगीच्या दिवसांत त्याची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. चिंता मनाची जागा अडवते, आणि मग लांबचा विचार करायला जागाच उरत नाही. गरीब माणसाला धीर नसतो म्हणून तो गरीब राहतो, असे जे सहजपणे बोलले जाते, ते या अभ्यासाने बरेचसे उलटे करून दाखवले आहे.

या शहराने तर याहून मोठा शब्द मोडलेला आहे. भीमराव आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. परदेशात वर्षानुवर्षे त्यांनी किती कष्टाने अभ्यास केला, हे सर्वांना माहीत आहे. 1917 साली ते करारानुसार बडोद्यात रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला कोणी जागा देईना; पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले, कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. कमाटीबागेतल्या झाडाखाली काही तास काढून ते मुंबईला परतले. त्यांच्या संयमात काय उणे होते? त्यांनी आपल्या बाजूचा शब्द पाळला होता. थांबणाऱ्याला त्याचे फळ मिळेल, अशी व्यवस्था उभी करणे हे समाजाचे आणि मालकांचे काम आहे, आणि ते झालेले नसताना नुसता धीराचा उपदेश करणे हे त्या थांबणाऱ्याच्या माथी दोष मारणे आहे. गेल्या अंकातले माझे वाक्य एका स्थिर घरातल्या विद्यार्थ्याला उद्देशून होते. ते सरसकट सर्वांना लागू करता येणार नाही, हे मी येथे नमूद करतो.

तरीही तुमच्या हातात जे आहे, ते लिहिणे माझे कर्तव्य आहे. भविष्यनिर्वाह निधी हा कंत्राटी कामगाराचाही हक्क आहे. कंत्राटदाराने तो भरला नाही तर मूळ कारखान्याच्या मालकावर त्याची जबाबदारी येते. पगारातून तुमचे बारा टक्के कापले जात असतील तर मालकाकडून तेवढीच रक्कम यायला हवी. निधीच्या खात्याचा तुमचा यूएएन क्रमांक मागून घ्या आणि पासबुकात दर महिन्याची नोंद होते की नाही, हे मुलांकडून मोबाइलवर पाहून घ्या. बचत करायची तर पैसे अडकून पडतील, अशा ठिकाणी आत्ता मुळीच करू नका. टपाल खात्यातली आवर्ती ठेव महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होते, आणि बारा हप्ते भरल्यावर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. दोन कंत्राटांच्या मधल्या खाड्याच्या दिवसांत घरात एका महिन्याचे किराणा-भाडे असेल, एवढेच पहिले लक्ष्य ठेवा. त्यापुढचा विचार त्यानंतर आपोआप सुचू लागतो, आणि त्याचे कारण त्या ऊस शेतकऱ्यांनी दाखवून दिले आहे. तुमच्या पत्नी गल्लीतल्या भिशीत असतील तर ती चालू राहू द्या. ओळखीच्या दहा बायकांपुढे दिलेला शब्द मोडवत नाही, हेच तिचे बळ आहे. अनोळखी माणूस जास्त व्याजाचे आमिष दाखवून भिशी चालवत असेल, तर तेथे मात्र एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : मी एकाहत्तर वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. आयुष्यभर आपण सांगता त्याप्रमाणेच वागलो. मुलांची शिक्षणे झाली, घर झाले, निवृत्तिवेतन आहे, ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेव आहे. पत्नीला केरळ पाहायचे आहे, आणि मी कित्येक वर्षे ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणत आलो आहे. आता तिचे गुडघे दुखू लागले आहेत. पैसे असूनही खर्च करताना हात मागे येतो. हे काय आहे?
(एक वाचक, दांडिया बाजार)

उत्तर : सर, आपण ज्या कारणासाठी थांबलात ते कारण केव्हाच पूर्ण झाले आहे. मुले शिकली, घर उभे राहिले. थांबण्याची सवय मात्र मागे राहिली, आणि आता ती कशाचीही वाट पाहत नाही. मोठ्या फळासाठी लहान सुख पुढे ढकलणे वेगळे, आणि ढकलण्यातच सुरक्षित वाटू लागणे वेगळे. रान किवेट्झ आणि अनात काइनान या संशोधकांना 2006 मध्ये असे आढळले की, चैन केल्याची खंत ताजी असते तेव्हा बोचते आणि काळाबरोबर विरत जाते. उलट, योग्य वेळी सुख न घेतल्याची खंत वर्षे लोटतील तशी वाढत जाते. वहिनींचे गुडघे आपल्या मुदत ठेवीची मुदत पाहणार नाहीत.

हात मागे येतो तो मुद्दल मोडण्याच्या भीतीने. म्हणून मुद्दलाला हातच लावू नका. ज्येष्ठ नागरिक योजनेचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला खात्यावर येते. पुढच्या दोन तिमाहींचे व्याज पुन्हा ठेवीत न टाकता वेगळ्या खात्यात वळवा, आणि ते प्रवासासाठीच आहे, असे वहिनींना आजच सांगा. बडोद्याहून कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलमपर्यंत थेट गाड्या आहेत. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, आणि ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो; तो मागून घ्या. मुन्नारच्या घाटात चढ-उतार फार, तेव्हा गुडघ्यांचा विचार करून अलेप्पीच्या बॅकवॉटरला अधिक दिवस द्या. जानेवारी-फेब्रुवारीत हवा चांगली असते, पण पावसातले केरळ पाहण्याची वहिनींची इच्छा असेल तर जूनही वाईट नाही. महिना त्यांना विचारून ठरवा आणि तिकीट निघाले की मला अवश्य कळवा.